नानांची माती पोत्यांत आहे

अन्याय सपनावर झाला. गेल्या वर्षी, कोजागिरीच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, देवासजवळच्या आमच्या छोट्या कस्ब्यातल्या सामुदायिक भवनात, पाहुण्यांच्या समोर, माइक चालू असताना. हे आधी लिहून टाकते, कारण नाना बोकील गेल्यापासून जो तो मला सांगतो आहे की त्यांच्या गोड स्वभावावर काहीतरी लिही. स्वभावावर लिहीनच. पण आठवीतल्या एका मुलीचं मनगट त्या दिवशी मोडलं, तिची खेळायची जागा गेली, आणि ती जागा अजून परत मिळालेली नाही. नाना त्या जागेच्या मागे लागलेले असतानाच गेले. हे सोडून त्यांच्यावर लिहायचं म्हणजे फोटोला हार घालून मोकळं होण्यासारखं आहे. तो हार नगर परिषदेने आधीच घातला आहे, चांगला जाड आहे.

बातमी आली तेव्हा मी धामनोदच्या बसस्टँडवर होते. वसतिगृहातल्या मुलांच्या पाण्याच्या प्रश्नावर आम्ही पर्चे, म्हणजे छापील पत्रकं, वाटत होतो. फोन सपनाचा. ती एरवी माझ्याशी हिंदीत बोलते, त्या दिवशी तिच्या तोंडून घरची माळवी आली, ‘दीदी, नाना सर नी रिया…’ नाना सर राहिले नाहीत. नाना गुढीपाडव्याला मुलाकडे देवासला गेले होते, तिथेच सकाळचा चहा पिऊन आडवे झाले ते उठले नाहीत. मी हातातले पर्चे एका ट्रकवाल्याच्या केबिनमध्ये ठेवले आणि मिळाली ती बस धरली. पर्चे नंतर त्याने पुढच्या धाब्यावर वाटून टाकले म्हणे. नानांना हे सांगायला हवं होतं, हसले असते.

नाना मूळचे धारचे. पूर्वज कधीकाळी संस्थानी नोकरीत होते, त्याचं राहिलेलं एवढंच, की नाना लहान मुलांनासुद्धा अहो-जाहो करत. कुक्षीच्या सरकारी शाळेत अर्धी हयात पी.टी. शिकवण्यात गेली. शेवटची बदली आमच्या कस्ब्यात झाली आणि निवृत्त झाल्यावर ते इथेच राहिले. मुलगा देवासच्या कारखान्यात चांगल्या पगारावर, त्याचा फ्लॅट, नातवंडं, सगळं होतं. पण नानांनी सामुदायिक भवनाच्या समोर एक खोली भाड्याने घेतली, कारण भवनाच्या मागच्या मोठ्या शेडमध्ये त्यांनी मल्लखांब पुरला होता. सागाचा खांब कुक्षीकडून त्यांनी ट्रकवर घालून आणवला होता. आमच्या कस्ब्यात मुलांसाठी याआधी काय होतं? पानाची दुकानं होती. मुलींसाठी तीही नव्हती.

त्यांच्याकडे नवीन मूल आलं की त्याला खांबाला हात लावू देत नसत. आधी मातीचं काम. माती चाळायची, खडे वेचायचे, ताक आणि तेल आणि हळद घालून ती पायांनी मळायची, सुकली की पुन्हा भुसभुशीत करायची. त्यानंतर पडायला शिकायचं. पाठीवर, कुशीवर, खांद्यावर, हात आखडून न घेता. ‘अहो, चढणार आपण थोडा वेळ, पडणार मात्र रोज,’ असं ते एखाद्या चिमुरड्या पोराला इतक्या अदबीने समजावत की पोरगं गोंधळून मागे पाही, सर कोणाशी बोलताहेत म्हणून. खांबाचा तास संपला की हातपाय धुऊन सगळ्यांनी पायऱ्यांवर बसायचं आणि वाचायचं, गणितं करायची. धडा झाला नसेल त्याला दुसऱ्या दिवशी खांब नाही. आयांना त्यांनी हा ‘क्लास’ आहे असं सांगून ठेवलं होतं. खेळायला मुलगी कोण पाठवतं? क्लासला पाठवतात.

माझी नि त्यांची ओळख भांडणातून झाली. माझे बाबा कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून इकडे आले, मी शिकले हिंदी शाळेत, मराठी घरात जेवढी लागते तेवढीच. आमच्या युवा मंडळाने नगर परिषदेविरुद्ध एक पर्चा काढला होता, बंद पडलेल्या वाचनालयावर, आणि मी तो नानांच्या पायऱ्यांवर वाटायला गेले. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला. पर्चा सगळा वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

‘हिंदी छान आहे आपली,’ ते म्हणाले. ‘पण पुढारीणबाई, प्रत्येक ओळीत एक माणूस चोर आहे. मग वाचनालय उघडायला कोण येणार?’

‘चोर आहेतच ते.’

‘असतील. पण किल्ली त्यांच्याकडे आहे ना.’

तेव्हापासून मी पुढारीणबाई. चिडवायचे, पण दर रविवारी मला बोलावून या वर्तमानपत्राची पुरवणी, जिच्यात तुम्ही आत्ता हे वाचता आहात तीच, मोठ्याने वाचायला लावायचे. अडखळले की शब्द सांगत नसत, थांबून राहत. मी आज इथे मराठीत लिहिते आहे ते त्या थांबण्यामुळे. एरवी हा पर्चाच झाला असता, हिंदीत, पिवळ्या कागदावर.

नानांचा नगर परिषदेवर विश्वास होता, आणि त्या विश्वासाचा मला राग यायचा. ते म्हणायचे, पोरांचं शिकणं-खेळणं हे एका म्हाताऱ्याच्या हौसेवर चालता कामा नये, म्हातारा मरतो. ते गावाचं काम आहे, म्हणजे परिषदेचं. म्हणून ते वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले, आणि मागायचे तरी काय? शेडमध्ये दिवा, मुलींसाठी संडास, आणि आपल्यामागे शिकवणाऱ्यासाठी एक नेमणूक. संडास का, तर मुली मोठ्या झाल्या की येणं बंद करत होत्या आणि कारण कोणी तोंडाने सांगत नव्हतं. हे नानांनी एका बैठकीत सगळ्या पार्षदांसमोर, म्हणजे नगरसेवकांसमोर, उभं राहून स्पष्ट सांगितलं होतं. जुन्या वळणाचा माणूस, धोतर नेसणारा. सभागृहात काही जण हसले. नाना हसणं संपेपर्यंत थांबले आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणाले.

मग आमच्या वॉर्डातून नवा पार्षद निवडून आला. त्याला सगळे भियाच म्हणतात, म्हणजे भैया, मीही तेच म्हणते. तो नानांचा शाळेतला विद्यार्थी, क्रिकेटवाला, मल्लखांबाला कधी शिवलेला नाही, पण सरांवर जीव. त्याने खरोखर परिषदेतून काम मंजूर करून आणलं. नानांना म्हणाला, ‘सर, महिना भर आप उधर झाँकना भी मत। मरम्मत चल रही है।’ नानांनी मुलांना शाळेच्या मैदानावर नेलं आणि महिनाभर त्यांचा चेहरा लग्नघरासारखा होता. रोज सकाळी शेडच्या बंद दाराबाहेर उभे राहून आतली ठोकाठोक ऐकत. मला म्हणाले, ‘संडासाचं काम असणार. भिंत बांधल्याचा आवाज आहे.’

कोजागिरीला उद्घाटन. नानांना मंचावर बसवलं, शाल, श्रीफळ, हार. भाषणं झाली, पडदा सरला. आत झगझगीत पांढऱ्या टाइल्स होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, चेहरा दिसेल अशा. माती नव्हती. मधोमध मल्लखांब उभा होता, त्याला ऑइल पेंट मारला होता, निळा-पिवळा, पेट्रोल पंपावरच्या खांबासारखा. दिव्यांची माळ होती. नानांच्या नावाची संगमरवरी पाटी होती. संडास नव्हता.

मी मंचाच्या खाली होते. नानांचा चेहरा मी पाहिला आणि मान वळवली. माइकवाला तेवढ्यात जाहीर करून मोकळा झाला होता की आता आपल्या बालिका प्रात्यक्षिक दाखवतील. नाना उठले, ‘नको, थांबवा, आज नाही,’ म्हणत, पण शालीचं टोक खुर्चीत अडकलं होतं, गळ्यात हार होता, आणि बाजूच्या पाहुण्यांना वाटलं की सर भारावून गेले आहेत, त्यांनी त्यांचा हात धरून टाळ्यांसाठी वर केला. सपना तोवर खांबावर चढली होती. का चढलीस, म्हणून मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, ‘सर का नाम लिखा था ना दीदी, सामने। कैसे नी चढ़ती?’ पेंटवर घामाचं अंग आधी चिकटतं आणि मग एकदम सुटतं. ती खाली आली ती शिकवल्याप्रमाणे आली, कुशीवर, अंग सैल सोडून. खाली माती असती तर उठून धूळ झटकली असती. टाइल्सवर आवाज आला. तो माइकमधून सगळ्या वॉर्डाने ऐकला.

दुसऱ्या दिवशी परिषदेने शेडला कुलूप लावलं. कारण काय, तर खेळ धोकादायक आहे. खांबाला पेंट कोणी दिला, माती कोणी उपसली, हे कारणात नव्हतं. सपनाच्या आईने तिला घरी बसवलं. क्लाससुद्धा बंद.

आणि नाना? मला वाटलं होतं आता तरी हा माणूस पेटेल. मी त्यांच्या खोलीवर गेले तर खोलीला कुलूप. शोधत शेडच्या मागे नाल्याकाठी गेले, तिथे ते उकिडवे बसलेले, ठेकेदाराने फेकलेल्या ढिगाऱ्यातून आपली माती निवडत होते. सिमेंटचे तुकडे, खिळे एका बाजूला, माती एका बाजूला. पाऊस उघडला होता म्हणून ती वाचली होती. मुलं एक-एक करून येऊन बसली. माती ओळखायला नव्या मुलांनाही अडचण नव्हती, वासावरून कळत होती. खताची रिकामी पोती आणली, भरली, तोंडं शिवली, आणि दोघा-दोघांनी धरून नानांच्या खोलीत नेऊन ठेवली. खाटेखाली, खिडकीखाली, देवघराच्या बाजूला. ‘वर्षानुवर्षं ताक प्यायलेली माती आहे,’ नाना म्हणाले. ‘अशी नवी करायची म्हटलं तर या मुलांची मुलं यायला लागतील.’

त्याच आठवड्यात भिया आला. मी तिथेच होते. पोत्यांमधून वाट काढत आत आला, खाली बसला, वर बघेना.

‘सर, मैंने तो सबसे महँगी वाली लगवाई थी,’ तो म्हणाला. ‘बैठक में लड़ के। बाकी वॉर्डों में ऐसी टाइल नहीं है।’

‘माहीत आहे मला,’ नाना म्हणाले. ‘चहा घेणार ना?’

‘पेंट भी मैंने खुद खड़े रह के करवाया। सोचा लकड़ी पुरानी दिखती है…’

‘विचारलं असतंत मला, तर बरं झालं असतं, एवढंच.’

‘सरप्राइज था सर।’

मला राहवलं नाही. मी म्हणाले, ‘भिया, सपना को मिल गया सरप्राइज।’ भियाने चहाचा कप खाली ठेवला आणि तो रडायला लागला. चांगला धिप्पाड माणूस. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. आज लिहिते आहे म्हणून मवाळ होत नाही. तो रडला ते खरं होतं, आणि सपनाचं प्लास्टरही खरं होतं.

नाना मला म्हणाले, पर्चा काढू नका, त्याला वेळ द्या. मी पर्चा काढला. टाइल्स, पेंट, संडास, कुलूप, सगळं लिहिलं, भियाचं नावसुद्धा लिहिलं. दोन आठवड्यांत परिषदेने साफसफाईसाठी म्हणून शेडची किल्ली सकाळपुरती नानांकडे दिली. नाना शेवटपर्यंत म्हणत राहिले की ती किल्ली चहाने आली. मी म्हणते पर्च्याने आली. हे भांडण आमचं मिटलं नाही, आणि आता ते मी एकटीनेच चालवायचं आहे…

किल्ली मिळाल्यापासून नाना रोज सकाळी शेडमध्ये जायचे आणि काचेच्या तुकड्याने खांबावरचा पेंट खरवडायचे. सँडपेपर चालत नव्हता, म्हणे लाकडात कण घुसतात आणि मग ते मुलांच्या मांड्यांत घुसतात. रसायन चालत नव्हतं, मुलं अंगाने खांबाला भिडतात. काच, आणि नंतर एरंडेलाचा बोळा. एका बैठकीत हाताच्या पंजाएवढी जागा निघाली तर खूप झालं. शिडीवर चढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून हात पोचेल तिथपर्यंतच. प्लास्टर निघाल्यावर एक दिवस सपना येऊन उभी राहिली. आईने फक्त बघायला पाठवलं होतं. तिने डाव्या हाताने काच घेतली.

‘अहो सपनाबाई, हळू. खांबाची साल नाही काढायची.’

‘सर, ये कब पूरा होगा?’

‘आपली दहावी व्हायच्या आत.’

‘फिर टाइल पे ही गिरूँगी क्या?’

नानांनी हातातला एरंडेलाचा बोळा खाली ठेवला. ते त्या दिवशी परिषदेत गेले. भियाही बरोबर गेला, हे कबूल करायला हवं. बांधकामं बघणाऱ्या उपयंत्री साहेबांनी दोघांना बसवून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं की नवीन टाइल्स फोडता येत नाहीत, ऑडिट आक्षेप घेईल. नाना म्हणाले, ‘मग जुन्या होईपर्यंत थांबू?’ साहेबांना वाटलं म्हातारा समजूतदार आहे. पुढच्याच महिन्यात कोणीतरी सुचवलं की जागा अशी छान चकचकीत झालीच आहे, तर लग्नांना भाड्याने द्यावी, खांबाला फुलांच्या माळा गुंडाळता येतील.

मी त्यांना शेवटचं भेटले ते देवासला जायच्या आदल्या दिवशी. पिशवी भरत होते. पिशवीत एक धोतर, एक सदरा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच. ‘मुलाकडे काय खरवडणार?’ मी विचारलं. म्हणाले, ‘विसरून जाईन म्हणून आधी तीच भरली.’ मग खाटेवर बसून त्यांनी पोत्यांवर पाय ठेवले. म्हणाले, ‘पुढारीणबाई, आपला पर्चा मी सपनाच्या आईला वाचून दाखवला. त्यांना तो आवडला. संडासाची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली.’ मी म्हटलं, म्हणजे किल्ली पर्च्याने आली. ते म्हणाले, ‘किल्ली चहाने आली. पण सपनाबाई पर्च्याने आल्या.’

यापेक्षा जास्त त्यांनी मला कधीच दिलं नव्हतं.

आता स्थिती अशी आहे. खांब एका म्हाताऱ्याचा हात पोचतो तिथपर्यंत सागाच्या रंगाचा आहे, तेल मुरलेला, आणि त्याच्या वर अजून निळा-पिवळा. काच त्यांच्या मुलाने मला आणून दिली, ती सपनाकडे आहे. तिने एक स्टूल मिळवलं आहे आणि रेघ थोडी वर सरकली आहे. नानांच्या खोलीत खाट काढून नेल्यावर फक्त पोती उरली आहेत. दार उघडलं की ताकाचा, तेलाचा, हळदीचा वास येतो, सकाळच्या तासाचा वास, आणि क्षणभर वाटतं की आतून कोणीतरी म्हणेल, अहो, चपला बाहेर. घरमालक भला आहे, पण त्याला भाडेकरू हवा. महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे. माती पुन्हा नाल्याकाठी गेली तर यंदाचा पाऊस तिला सोडणार नाही.

या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी अकराला, नगर परिषदेची बैठक आहे. दोन विषय आहेत. शेड लग्नांना भाड्याने द्यायची, हा एक. टाइल्स काढून माती परत घालायची, मुलींसाठी संडास बांधायचा आणि शिकवायला माणूस नेमायचा, हा दुसरा. दुसरा भिया मांडणार आहे. त्याने मला तसं सांगितलं आहे आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे, नानांसाठी, एकदा. पण तो एकटा उभा राहिला तर सभागृह हसेल, जसं नानांना हसलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते. श्रद्धांजलीची सभा ठेवू नका, पाटीला हार घालू नका. त्या सोमवारी सकाळी नऊला नानांच्या खोलीवर या. देवासहून टोंकखुर्दची बस घ्या आणि कंडक्टरला ‘नाना सरांचं गाव’ एवढंच सांगा, तो उतरवेल. आपण ती पोती उचलून परिषदेच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवणार आहोत आणि निर्णय होईपर्यंत त्यांच्याजवळ बसणार आहोत. कपडे खराब होतील. एका पोत्याला दोन माणसं लागतात. एक टोक मी धरते आहे. दुसरं धरायला या.